हरणामावशीनं डोममध्ये हौदा घातला

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हते. एक तर परवापासून सेमिस्टरची परीक्षा, आणि दुसरं म्हणजे हरणामावशीनंच मला बजावलेलं, "माझ्यावर काय लिवतीस बाई, एखाद्या शिकल्यासवरल्या माणसावर लिव की." मी बरं म्हटलं आणि घरी आले. मग जेवताना आईला सगळं सांगायला लागले तर सांगता सांगता मलाच भरून आलं, आणि आई म्हणाली, "मला काय सांगत बसलीस, लिही जा." म्हणून लिहितेय. एका बैठकीत. चुका असतील तर असू देत.

सांगलीहून अर्ध्या तासावर, कृष्णेच्या अगदी काठाला, कासारघाट आहे. तिथं नदीकडं तोंड करून, पण चांगल्या दोन पुरुष उंच जोत्यावर, एक भलामोठा गोल छपराचा हॉल आहे. पाटीवर लांबलचक नाव आहे, बहुउद्देशीय क्रीडा आणि अधिवेशन संकुल, पण ते नाव फक्त लग्नपत्रिकेत वापरतात. बाकी सगळे म्हणतात डोम. सोमवारी तिथं बॅडमिंटन, गुरुवारी द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र, मुहूर्त असला की लग्न, मधेच माजी सैनिकांचा मेळावा. पुराच्या वर्षी तर आख्खी गावं आतल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर येऊन राहिलेली. आणि हे सगळं होतं एकाच लाकडी फळीवर, म्हणजे आतल्या लाकडी जमिनीवर; सगळे तिला फळीच म्हणतात. चकचकीत, मधाच्या रंगाची, आरसाच जणू.

ती फळी हरणामावशीची.

म्हणजे कागदावर ती सफाई कामगार आहे. पण डोममध्ये येऊन कुणालाही विचारा. रोज सकाळी ती अनवाणी आख्ख्या कोर्टावर चालते, तळपायानं फळ्या तपासत. कुठली फळी दमट हवेनं फुगली, कुठली दबतेय, हे तिच्या पायाला आधी कळतं, मग सुताराला. लग्नाच्या आदल्या दिवशी आठशे खुर्च्या उलट्या करून प्रत्येक पायाला रबरी टोपण आहे का बघते. आणि चपला घालून कुणी फळीवर आलं की संपलंच. एकदा एका नवरदेवाच्या बापाला ती सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "आवं पाव्हणं, जोडं काढा. नवरा सुदिक अनवाणी आलाय, तुमीच काय म्हून मिरवतायसा?" वऱ्हाड हसून लोटपोट. पाव्हण्यानं जोडे काढले.

ती मूळची कवठे महांकाळकडची. दुष्काळी भाग, पाणी टँकरचं, पण गावात तालीम मात्र जोरात. तिचे वडील त्या तालमीचे वस्ताद. त्यांची खासियत म्हणजे माती. कुस्तीची माती अशी शेतातून उचलून आणत नाहीत. ती चाळायची, त्यात ताक, तीळतेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळायची, तेव्हा कुठं ती पैलवानाच्या अंगाला सोसते. हरणामावशी लहानपणी घरी ताक घुसळायची, हळद कुटायची आणि सगळं डोक्यावर घेऊन तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जायची. उंबऱ्यापर्यंतच. बाईमाणसानं हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, पाय टाकायचा नाही, असा नेम. आतून गुंडा नावाचा एक तरणाबांड पैलवान यायचा, मडकं तिच्या हातातून घ्यायचा आणि दार लोटून घ्यायचा. दहा-बारा वर्षं तिनं मातीचं सगळं केलं, पण माती पायाला कशी लागते ते तिला कधी कळलंच नाही.

हे तिनं मला अगदी सहज सांगितलं, खुर्च्यांची टोपणं बघता बघता. मलाच कसंतरी झालं.

तर गेल्या चैत्रातली गोष्ट. शिराळ्याची राजेश्वरी, विशीतली, मॅटवर दोन वर्षं राज्यात खेळलेली पोरगी, डोममध्ये सरावाला यायची. एक दिवस ती मावशीजवळ बसून रडायला लागली. आसपासच्या कुठल्याच यात्रेत पोरींच्या कुस्त्या मातीत लावायला कमिटी तयार होईना. "मॅटवर लय खेळलो मावशे," ती म्हणाली, "पण माती कुणी देत न्हाई आमाला. दारातनंच लावून देत्यात."

 मावशी उठली, पदर खोचला आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. मॅनेजर म्हणजे निमिष सर, वाईचे, पुण्यात शिकून आलेले, मनानं चांगले पण घाबरट.

"सायेब, पोरींच्या कुस्त्यांचं मैदान हितं डोममदी घ्यायचं. मातीतलं."

"मावशी, लाकडी फ्लोअरवर माती? वेड लागलंय का?"

"लागू दे. माती मी घालती."

निमिष सरांनी डोमच्या कमिटीचे अध्यक्ष मधुकरअण्णा यांना बोलावलं. अण्णा साठीतले, जुने कबड्डीपटू, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी मावशीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हरणाबाई, एकदा करून बघू. पण फळीवर एक डाग जरी दिसला, तर पुन्हा या दारातनं माती आत येणार नाही. कायमची नाही. चालेल?"

"चालंल," मावशी म्हणाली. 

मग चार दिवस जे काही चाललं ना! आधी फळीवर जाड प्लास्टिक. त्यावर बेदाण्याच्या शेडवर घालतात तसली ताडपत्री, दुहेरी. त्यावर ओल्या गोणपाटाचा थर. चारी बाजूंनी पुराच्या वेळची उरलेली वाळूची पोती. मग पाच ट्रॉल्या लाल माती, ट्रॅक्टर बाहेरच उभा, आत सगळं घमेल्यांनी. ओळ लावली पोरींची आणि बायकांची. मावशी मधोमध उभी राहून सांगायची, हितं वत, तितं पसर. आणि तसं सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण हौद्यात उभ्या आहोत. घोट्यापर्यंत मातीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी.  नुसते पाय हलवले जरासे, आणि पुन्हा ओरडली, "अगं ये, घमेलं आदळू नको!"

मातीत घालायचं ताक, तेल, हळद सगळं तिनं घरून आणलं, स्वतःच्या हातानं मळलं. मैदानाला पंच म्हणून कुणाला बोलवायचं तर तिनं एकच नाव सांगितलं. गुंडा वस्ताद. तेच ते, मडकं घेऊन दार लावणारे. आता सत्तरी ओलांडलेली, फेटा मात्र तसाच कडक.

वस्ताद आले, मातीवर हात फिरवला, चिमूट नाकाला लावली. म्हणाले, "माज्या वस्तादाच्या हातची वाटती."

"त्येंच्या पोरीच्या हातची हाय," मावशी म्हणाली. "आन एक ध्यानात ठिवा वस्ताद, हितं कुदळ आणायची न्हाई. खाली फळी हाय. माती मी खुरप्यानं भुसभुशीत करून ठिवलीय."

"व्हय व्हय. कळतंय मला."

आता गंमत बघा. तालमीत माती खणणं म्हणजे नुसतं काम नसतं, तो मानच असतो. मैदान सुरू करायच्या आधी वस्तादानं हौद्याच्या मधोमध कुदळीचे पाच घाव घालायचे, माती उकरायची, मग नारळ. जन्मभर त्यांनी हेच केलेलं. शनिवारी सकाळी डोम खचाखच भरला, हलगी घुमायला लागली, वस्ताद फेटा सावरत हौद्यात उतरले, आणि त्यांच्याच गावच्या कुणीतरी भक्तिभावानं त्यांच्या हातात कुदळ दिली. वस्ताद सगळं विसरले. कसं आठवणार? हलगी वाजत होती ना!

मावशी तेव्हा पश्चिमेच्या शटरजवळ पाण्याचे जार लावत होती. तिला आवाज आला. पहिला घाव, थप्प. दुसरा, थप्प. ती वळली, हात वर केला, ओरडली, पण टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार. तिसरा. चौथा. आणि पाचवा, टक्.

तो आवाज आख्ख्या डोममध्ये तिला एकटीलाच कळला. 

नारळ फुटला. वस्तादांनी परंपरेप्रमाणं उरलेलं तेल आणि हळद मधोमध ओतली, नेमकी त्याच खड्ड्यात, आणि हात जोडले. आता खाली काय होतंय हे मावशीला डोळ्यांनी दिसल्यासारखं दिसत होतं. ताडपत्री फाटलीय, प्लास्टिक फाटलंय, हळदीचं तेल फळीत उतरतंय. थांबवलं तर मैदान बंद. नाही थांबवलं तर तेल मुरणार. आणि समोर राजेश्वरी लंगोटाच्या लाल रंगाची जर्सी घालून पहिल्यांदा मातीला हात लावत होती, कपाळाला लावत होती.

मावशीनं थांबवलं नाही.

ती दिवसभर शटरजवळ उभी राहून कुस्त्या बघत राहिली, आणि मला म्हणाली, खरं सांगते, हेच तिचे शब्द, "निम्मं ध्यान खालच्या त्यालाकडं हुतं, आन डोळं सुकानं भरल्यालं. दोन्ही एकदमच." राजेश्वरीनं कराडच्या पोरीला ढाक डाव मारून चितपट केलं तेव्हा बायकांनी पायऱ्यांवर उभं राहून असा काही आवाज केला की निमिष सर कानांवर हात ठेवून हसत होते. वस्तादांनी स्वतः तिचा हात वर केला. म्हातारा रडत होता चक्क.

संध्याकाळी माती उचलली. सगळ्यांनी मिळून, ओळ लावून, घमेल्यांनी बाहेर. गोणपाट उचललं, ताडपत्री उचलली, आणि प्लास्टिक बाजूला केलं तर मधोमध परातीएवढा पिवळाधमक डाग. त्याच्या मधे बोटभर लांब घाव.

 वस्ताद डागाकडं बघत राहिले, मग मावशीकडं. "हरणे," एवढंच म्हणाले.

"आत्ता काय बोलू नगा," मावशी म्हणाली. "ज्वारीचं पीठ आणा. तीन-चार किलो."

सोमवारी सकाळी दहाला अण्णा बघायला येणार होते. म्हणजे हातात एक रविवार. मावशीनं डागावर जाड पीठ पसरलं, वर वर्तमानपत्र, वर मातीच्याच दोन जड पाट्या. पीठ तेल ओढून घेतं, हे स्वयंपाकघरात कळतं, पुस्तकात नाही. रविवारी उजाडता उजाडता ती आली तर तिच्या आधीच निमिष सर आलेले. बिचाऱ्यांना रात्रभर चैन पडलं नव्हतं. त्यांनी पीठ झाडून काढलेलं, तेल खरंच गेलेलं, पण पिवळा रंग तसाच. तर यांनी मदत म्हणून फरशी पुसायचं लिक्विड ओतलं आणि ब्रशनं घासलं.

डाग लालभडक झाला. कुंकू सांडल्यासारखा.

"मावशी!" निमिष सर जवळजवळ रडकुंडीला. "मी काय केलं हे?"

मावशीनं कपाळावर हात मारला आणि मग एकदम हसायलाच लागली. "आवं सायेब, हळदीला साबण लावतंय व्हय कुणी? आईनं कवा सांगितलं न्हाई? कुंकू हुतंय त्याचं! आता लगीन झालं बगा फळीचं."

"आता काय करायचं?"

"लिंबं आणा. मातीतनं उरल्याली हायती मागच्या खोलीत."

लिंबू पिळून पाण्यात फडकं बुडवून तिनं हलक्या हातानं पुसलं आणि लाल परत पिवळं झालं. निमिष सर तोंड उघडं टाकून बघत होते, इंजिनिअर माणूस. पिवळं झालं तरी डाग डागच की. तेव्हा मावशी म्हणाली, "आता ऊन पायजे. हळद उनालाच तेवडी भिती. साडीवरचा डाग एका दुपारात जातोय."

पण डोमच्या मधोमध ऊन आणायचं कुठून? पूर्वेचं शटर उघडलं तर ऊन पंधरा फूट आत येऊन थांबलं. डाग पार लांब. फळी उचलून बाहेर नेता येत नाही. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग तिची नजर गेली नवरीच्या खोलीकडं.

डोममध्ये लग्नं होतात ना, म्हणून स्टेजच्या मागं नवरीची खोली आहे, आणि तिथं सहा उभे आरसे आहेत, माणसाएवढे.

"राजे! पोरी गोळा कर!"

आणि मग काय सांगू तुम्हाला. राजेश्वरी आणि मुक्कामाला राहिलेल्या पाच पैलवान पोरी, आदल्या दिवशी एकमेकींना आपटलेल्या, कुणाच्या ढोपराला पट्टी, कुणाचा खांदा आखडलेला, त्यांनी एकेक आरसा उचलून आणला, उन्हात धरला, आणि सहा झोत बरोबर त्या डागावर सोडले. मावशी मधे उभी राहून सांगायची, "प्रांजल, जरा वर! अगं छपराला कशाला दावतीस, खाली, खाली! राणे, हात हालतुया तुजा, कुस्तीत न्हाई हालत तो?"

"कुस्ती पाच मिनिटाची असती मावशे!"

"मग ही तीन तासाची समज."

सूर्य वर सरकेल तसे आरसे सरकवायचे. दुपारनंतर पूर्वेचं शटर पाडून पश्चिमेचं उघडलं. नदीवरून गार वारा यायला लागला, पोरी गाणी म्हणायला लागल्या. वस्तादही आले, एका पोरीच्या हातातला आरसा घेतला आणि ती दमलीय म्हणून तिला बसवलं. सत्तरीचा माणूस तासभर आरसा धरून उभा, फेट्यासकट. मावशीनं बघितलं. पाण्याचा तांब्या तिनं आधी त्यांना नेऊन दिला.

चार वाजेपर्यंत डाग फिका झाला. पाचला नजर लावून बघावं लागलं. ऊन उतरलं तेव्हा नव्हताच.

घाव होता.

बोटभर लांब, फळीच्या बरोबर मधे. त्याला ना पीठ उपयोगी, ना लिंबू, ना ऊन. निमिष सर हळूच म्हणाले, "मावशी, उद्या सकाळी बॅडमिंटनचं नेट लावू इथंच. पोलचा स्टँड बरोबर यावर ठेवला तर अण्णांना दिसणार पण नाही. ते डाग म्हणाले होते, घाव म्हणाले नव्हते."

मावशीला मोह झाला. ती लपवत नाही, तिनं मला सांगितलं. पोरी तिच्याकडं बघत होत्या. पुढच्या वर्षीचं मैदान त्या एका स्टँडनं वाचणार होतं.

सोमवारी दहाला मधुकरअण्णा आले, जोडे बाहेर काढून. सगळं कोर्ट चालून बघितलं, वाकून बघितलं, चष्मा लावून बघितलं. "हरणाबाई, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "एक डाग नाही."

"डाग न्हाई अण्णा. पर हिकडं या." आणि तिनं त्यांना हाताला धरून मधोमध नेलं आणि बोट दाखवलं. तिथं स्टँड नव्हता. "कुदळ लागलीया."

अण्णा खाली बसले. घावावरून बोट फिरवलं. "कुणी?"

"डोम माज्या ताब्यात हुता. म्हंजे मीच."

"खोटं बोलती ती!" दारातून आवाज आला. गुंडा वस्ताद, हातात फेटा, डोकं उघडं. आख्ख्या तालुक्यात कुणी वस्तादांचं उघडं डोकं बघितलं नसेल. "अण्णा, घाव माजा हाय. हिनं सांगितलं हुतं, कुदळ आणू नगा. म्या इसारलो. हिच्या बापानं शिकवलेलं हात हायती, आपसूक चालत्यात. काय दंड आसंल त्यो मला करा. पोरींची माती बंद करू नगा." मग थांबून म्हणाले, "एका पोरीला लय वर्सं दारात उभं केलंय म्या. आता पुरं."

अण्णा घावाजवळून उठले. मग मावशीकडं वळून त्यांनी जे विचारलं ना, ते मला फार आवडलं. त्यांनी माफ केलं बिफ केलं असलं काही म्हटलं नाही. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी असं होऊ नये म्हणून काय करायचं?"

म्हणजे विचारलं. तिला. कमिटीतल्या कुणाला नाही.

मावशीला तर उत्तर दोन दिवस आधीच सुचलेलं होतं. "साकर कारखान्यात ऊस वर न्यायचा रबरी पट्टा आसतोय बगा, जुना झाला की टाकून देत्यात. बोटभर जाड. त्यो ताडपत्रीच्या वर हातरायचा, मग माती. वस्ताद धा घाव घालू द्यात, काय हुत न्हाई. कुदळ बंद करायची गरजच न्हाई. त्येंचा मान त्येंनी करावा."

वस्तादांनी मान खाली घातली.

"आन दुसरं," मावशी म्हणाली, "मला दोन पोरी द्या हाताखाली. म्या काय जन्मभर पुरणार न्हाई. माती मळायची, आंथरायची आन फळी राखायची, तिन्ही शिकवून जाती."

अण्णांनी निमिष सरांना रजिस्टर आणायला लावलं आणि तिथंच, उभ्या उभ्या, पुढच्या चैत्रातला शनिवार लिहायला सांगितला. मुलींचं मातीतलं मैदान. हौदा घालणार, हरणाबाई. सरांनी लिहिलं. मावशीला म्हणाले, सही करा. तिनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. मग पोरींनी जो गोंधळ घातला त्यात पुढचं कुणालाच काही ऐकू आलं नाही.

घावाच्या जागी सुतारानं नवी फळी बसवलीय. मी शोधली, मला नाही सापडली. मावशी डोळे मिटून त्यावर पाय ठेवते आणि म्हणते, "ही."

आता ऐका. मावशीचं हे शेवटचं वर्ष आहे, येत्या उन्हाळ्यात ती कामावरून मोकळी होणार आणि कवठे महांकाळला भावाकडं राहायला जाणार. ती काही कुठं भाषण करत नाही, तिचा फोटो कुठं लागलेला नाही. तर तुम्ही सांगली-पलूसकडून जात असाल तर कासारघाटला थांबा, याच आठवड्यात, पुढं ढकलू नका. सकाळी नऊच्या आत जा, तेव्हा ती फळीवर चालत असते. लाजू नका, हाक मारा. हातातलं काम थांबवून ती बोलणार नाही, तुम्हालाच चार खुर्च्या उलट्या करायला लावेल. करा. आणि तिला विचारा माती कशी मळायची ते, कारण ते विचारलं की तिचा चेहरा कसा होतो हे मला काही लिहिता येत नाहीये, तुम्हीच जाऊन बघा.